पाचवर पंखा

आमच्या घरात दोन बायका आणि एक पंखा. भांडायला आणखी काय लागतं?

आमचे हे माळशिरसच्या बाजूला साखर कारखान्यात नोकरीला, आठवड्यातून एक दिवस घरी. लेक लग्न होऊन पुण्याला गेली. सोलापुरात राहिलो मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आतल्या खोलीवर पत्रे. एप्रिलमध्ये तिथं पापड नुसता ठेवला तरी भाजून निघेल. त्यामुळं होळी झाली की आम्हा दोघींचा मुक्काम बाहेरच्या खोलीत, एकाच पंख्याखाली.

त्या पंख्याचं बटण दाराशेजारी आहे. मी ते पाचवर फिरवून भाजी निवडायला बसले की मागून आवाज यायचा, टक्, टक्, टक्. मान वर करून बघावं तर पंखा असा निवांत फिरतोय की पात्यांवरची धूळसुद्धा दिसावी. आणि आत्या आपल्या कॉटवर, पाठ भिंतीला, अंगाभोवती चादर, तोंडावर असा भाव की पंखा आपणहूनच दमला बिचारा.

"आत्या, बाहेर बेचाळीस डिग्री आहे."

"आसंल की. मला गार लागतंय."

"मग चादर घ्या."

"घेतलीच हाय. आंधळी हायस का?"

मी उठून परत पाचवर. थोड्या वेळानं परत टक्, टक्, टक्. शेजारची अक्का एकदा म्हणाली, "बाई, तुमच्या घरातलं ते बटण एक दिवस हातात येणार." अक्काच्या घरात तेलुगू बोलतात, पण भांडणाची मजा तिला मराठीतूनच जास्त कळते.

आता माझी बाजू सांगते. मी शाळेत शिकवते, पाचवीच्या वर्गाला. पाळी जायचे दिवस आले आणि माझ्या अंगानं वेगळंच सुरू केलं. फळ्यावर लिहिता लिहिता छातीतून एक गरम वाफ उठायची. ती गळ्याला, कानांना, टाळूपर्यंत चढायची. तोंड लालबुंद, केसांतून घामाच्या धारा, ब्लाउज पाठीला चिकटलेला. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं आणि मग उलट थंडी वाजायची. एकदा पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, "नाही गं, डोकं रडतंय माझं." वर्ग हसला. मला मात्र खरंच रडू येत होतं.

डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या चांगल्या समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अंगाची उष्णता जागेवर ठेवायचं काम त्याच्याकडं. अंग तापलं की तो कातडीकडं रक्त सोडतो, घाम सोडतो. अंग गार पडलं की कातडीतलं रक्त आत ओढून घेतो, काटा आणतो, कुडकुडायला लावतो. दिवसभर त्याचं हेच चाललेलं असतं, आपल्याला पत्ताही नसतो. "तुमचा राखणदार सध्या जरा चिडका झालाय," त्या म्हणाल्या. "एवढंसं काही झालं की आग लागली म्हणून बोंब ठोकतो."

"म्हणजे माझ्यावरच गेलाय," मी म्हटलं.

घरी येऊन मोठ्या हौसेनं हे सगळं आत्यांना सांगितलं. वाटलं, बाईमाणूस आहे, कळेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळंला न्हवतं बाई आसलं काय. कामात ऱ्हायलं की काय व्हत न्हाय. नाटकं समदी."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! "ज्याचं जळतं त्याला कळतं," एवढंच बोलले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली. त्या दिवसापासून आमचं पंख्याचं भांडण नुसतं पंख्याचं राहिलं नाही.

आत्यांचं गाव मोडनिंबजवळचं. लग्न होऊन सोलापुरात आल्या. मामंजी मागावर होते, ते लवकर गेले. त्यानंतर आत्यांनी चादरीच्या कारखान्यात कांड्या भरून घर चालवलं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. सूत संपलं की रिकामी काढायची, भरलेली द्यायची, दिवसभर. हात थांबला की माग थांबला. आमच्या यांचं शिक्षण त्या कांड्यांवर झालं, हे मी भांडतानाही विसरत नाही. विसरू दिलंही जात नाही.

त्या कारखान्यात वाऱ्याला बंदी होती. कोरडा वारा लागला की सूत कडक होतं आणि फटाफट तुटतं. म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या बंद, पंखा नाही, आणि जमिनीवर सारखं पाणी शिंपडायचं. हवा ओलसर राहिली की सूत नरम राहतं. "वारा म्हंजी सुताचा वैरी," आत्या सांगायच्या, आणि सांगताना ताठ बसायच्या. काम सुटून इतकी वर्षं झाली तरी हात सुटला नव्हता. घरात सूत नाही, माग नाही, पण ऊन चढलं की आत्या उठणार, एकेक खिडकी लावणार, फटीत टॉवेल कोंबणार, बादली घेऊन फरशीवर पाणी मारणार. "बघ, कसं गारगार झालं."

खोटं कशाला बोलू, दुपारी उन्हातून आल्यावर त्या ओल्या फरशीवर पाय ठेवला की मलाही बरं वाटायचं.

आणि गंमत बघा. त्याच आठवड्यात मी वर्गात माठ शिकवला होता. माठ का गार होतो? पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं, आणि वाळता वाळता आतली उष्णता घेऊन जातं. आपलं अंगही माठच, पोरांनो. नुसता घाम येऊन काम होत नाही, तो वाळावा लागतो. त्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, मग पावसाळ्यात माठ गार का होत नाही?" मी म्हटलं, "कारण हवेतच ओल भरलेली असते. पाण्याला वाळायला जागाच राहत नाही." शाबास म्हणून तिला खाली बसवलं. आणि घरी येऊन खिडक्या लावलेल्या खोलीत, ओल्या फरशीवर पाय पसरून बसले. याला म्हणतात बाईंचं शिकवणं.

एप्रिल संपत आला होता. शाळा सकाळची होती. दोन दिवस आत्यांचं जेवणावर मन नव्हतं. भाकरीचा कोपरा मोडून ताटात तसाच. पाणी दिलं तर घोटभर पिऊन तांब्या खाली.

"अहो, प्या की जरा. ब्लडप्रेशरची गोळी घेता, ती अंगातलं पाणी काढते."

"तहानच न्हाय तर काय पिऊ? माठ हाय का मी?"

निघताना मी पंखा पाचवर केला, खिडक्या उघडल्या, पाण्याचा तांब्या कॉटपाशी ठेवला. "बंद केलंत तर बघा हं!"

"बघते की," आत्या म्हणाल्या. चादरीतून नुसतं नाक बाहेर होतं.

शाळा सुटून निघाले तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. पदर डोक्यावरून घेतला, तोंडाला बांधला, तरी डोळ्यांना चटका बसत होता. वाटेत एकदा माझी ती वाफ उठली. म्हटलं, ये बाई तू पण, तुझीच कमी होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि कुणीतरी ओला गरम टॉवेल तोंडावर दाबल्यासारखं झालं. खिडक्या बंद. फटीत टॉवेल. फरशीवर पाणी, बादली मधोमध. पंखा बंद. भिंतीसुद्धा दमट लागत होत्या. आत्या कॉटवर आडव्या, अंगावर जाड चादर, हाताची बोटं हवेत फिरत होती.

"आत्या?"

"कांड्या संपल्या," त्या म्हणाल्या. "पलीकडचा माग थांबलाय. कांड्या द्या."

"आत्या, मी आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला ओळखलंच नाही. कपाळाला हात लावला तर तवा. चादर ओढून काढली, काखेत हात घातला. त्या दमट खोलीत माझ्या स्वतःच्या हनुवटीवरून घाम गळत होता आणि त्यांची काख कोरडी, राखेसारखी कोरडी. अंग तापून फुटायला आलेलं आणि घामाचा थेंब नाही. त्या क्षणी तो सगळा माठाचा धडा माझ्या डोक्यात उलटा होऊन पडला. आधी आत्यांचा घाम या ओलीत वाळला नसणार. मग अंगातलं पाणीच संपलं असणार. आता माठ झिरपायचाच थांबला होता.

"अक्का! अगं अक्का, धाव!" मी ओरडले ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

अक्का धावत आली. आत्यांना बघून तिनं पहिलं काम काय केलं, तर खाली पडलेली चादर उचलून परत त्यांच्या अंगावर घातली. "ताप भरलाय बाई. अजून एक चादर दे, घाम काढू. तापाची गोळी आहे का?"

तिचाही दोष नाही. या गल्लीत जन्मलेल्या माणसाला दुखण्यावर पहिलं औषध चादरच सुचतं. ताप आला, चादर. अंग दुखलं, चादर. बाळंतीण, चादर. आणि तापाला ते चालूनही जातं. तापात अंग आपणहून चूल मोठी करतं, आणि काम झालं की आपणहूनच घाम सोडून बारीक करतं. इथं चूल कुणी मोठी केली नव्हती. इथं धूर जायची वाटच बुजली होती. पण हे त्या वेळी सांगत बसायला मी काय वर्गात होते?

"काढ ती चादर!" मी तिच्या अंगावर वसकन ओरडले. "उष्माघात आहे हा. मरतील त्या! गार पाणी आण, बर्फ आण, असेल ते आण!"

अक्का एकदा माझ्याकडं बघून सुसाट पळाली. मी टॉवेल ओढून खिडक्या सताड उघडल्या. पंखा पाचवर केला. आत्यांचं लुगडं सैल केलं आणि माठातलं पाणी तांब्यानं त्यांच्या अंगावर ओतायला लागले, गळ्यावर, छातीवर, पायांवर. नुसत्या पंख्याचा वारा त्या उन्हात गरमच, पण ओल्या अंगावरून गेला की तो काम करतो. एका हातानं पाणी, दुसऱ्या हातानं टॉवेलचा वारा. तोंडात पाणी घालायचा मोह झाला होता, पण शुद्ध नसलेल्या माणसाच्या ते श्वासनळीत जातं, म्हणून हात आवरला.

अक्काची पोरं उन्हाळ्यात घरीच बर्फ करून विकतात, रंगीत सरबताच्या लांबट पिशव्या. अक्का ओटीत मावतील तेवढ्या घेऊन आली. "साधा बर्फ नाही बाई. ऑरेंज आहे आणि कालाखट्टा आहे."

"चालतंय! काखेत घाल. जांघेत घाल. मानेखाली घाल."

आम्ही दोघींनी आत्यांना कालाखट्ट्यानं भरून टाकलं. दुसरी कोणती वेळ असती तर मी हसून मेले असते. त्या वेळी माझ्या तोंडून एकच निघत होतं, "आत्या, जाऊ नका. आत्या, जाऊ नका हं." सासू-सुनेत असलं काही बोलायची पद्धत नाही. पण निघालं ते निघालं.

अक्काच्या नवऱ्यानं रिक्षा आणली. बाजूचे पडदे मी वर बांधायला लावले. ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या आत्या माझ्या मांडीवर, पलीकडून अक्का त्यांचे तळवे बर्फानं पुसतेय. रिक्षावाला म्हणाला, "अम्मीको क्या हुआ?" मी म्हटलं, "भाऊ, नुसती चालव, वारा लागू दे." एवढं ऐकल्यावर त्यानं जी पळवली!

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. सलाइन लावलं, आणखी बर्फ, आणखी पंखे. तिथल्या तरुण डॉक्टरनं काखेतली काळी-जांभळी पिशवी चिमटीत धरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "घरात होतं ते लावलं."

"बरोबर केलंत," तो म्हणाला. "आता वाट बघायची."

यांना फोन केला. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "निघालो." मी बाकावर बसले. वाट बघणं मला कधीच जमलं नाही. डोक्यात नको ते सगळं यायला लागलं. घरी जाईन, पंखा पाचवर करीन, आणि मागून टक्-टक् येणार नाही. या बाईनं मला काय कमी बोलून दाखवलंय? तरी मला ती हवी होती. भांडायलासुद्धा आपलं माणूस लागतं. मी देवाला म्हटलं, बाबा, पंखा कायमचा एकवर ठेवते, पण हिला ठेव.

मधेच डॉक्टरनं बोलावून विचारलं, घरात काय झालं होतं? मी पाणी, खिडक्या, टॉवेल सगळं सांगितलं. तो म्हणाला, म्हातारपणी घाम कमी सुटतो, तहान कळत नाही, आणि अंग तापलेलं असतानाही थंडी वाजल्यासारखं वाटतं. मनात आलं, घ्या, म्हणजे माझा राखणदार चिडका आणि आत्यांचा पेंगणारा. मला नसलेली आग दिसते, आत्यांना लागलेली दिसत नाही. आणि आम्ही दोघी महिनाभर एकमेकींना खोटं ठरवत होतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा मी त्यांच्या कॉटशेजारी उभी होते. आत्यांचे डोळे मिटलेले. आणि मला त्यांच्या वरच्या ओठावर काहीतरी चमकलेलं दिसलं. वाकून पाहिलं. घाम होता. मोहरीएवढे दोन-तीन थेंब, त्यांच्या त्या विरळ मिशीवर. मी बोटानं टिपून बघितलं, हो, घामच. आयुष्यभर मी घामाला शिव्या दिल्या. त्या दिवशी सगळ्या वॉर्डासमोर भोकाड पसरून रडले.

आत्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, वरच्या पंख्याकडं पाहिलं, स्वतःच्या अंगाकडं पाहिलं.

"चादर कुटं हाय माझी?" त्या म्हणाल्या.

घरी आणल्यावर सगळे नियम बदलले. फरशीवर पाणी बंद. सावलीकडच्या खिडक्या उघड्या. घोटभर का होईना, तहान असो नसो, पाणी प्यायचं, आणि ते मी समोर उभी राहून पाजणार. जाड चादर पेटीत गेली. त्याऐवजी धुऊन धुऊन विरलेली एक जुनी चादर दिली, तिच्यातून वारा जातो. पंख्याचा तह तीनवर झाला. हे दोन दिवस राहून परत कामावर गेले. जाताना आईच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "सांभाळ." मी म्हटलं, "कुणाला? मला का यांना?"

आत्या मात्र गप्प झाल्या होत्या. टक्-टक् बंद. टोमणे बंद. मला करमेना. वाटलं, बाई जिवानिशी वाचली पण आतून खचली की काय.

मग एक दिवस मी भाकरी करत होते. कडक भाकरी, तव्यावर मंद आचेवर वाळवायची, म्हणजे गॅसपाशी ठाण मांडून उभं राहायचं काम. आणि नेमकी ती वाफ उठली. छाती, गळा, कान, टाळू. हात पिठाचे, घाम डोळ्यांत. मी गॅस बंद केला, स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. पदरानं वारा घेत होते. आता म्हणतील नाटकं, म्हणून मी वर बघितलंच नाही.

आत्या कॉटवरून उठल्या. सावकाश माझ्याजवळ आल्या आणि वाकून माझ्या गालाला उलटा हात लावला. त्यांचा हात गार होता.

"तोंड कसं लाल झालंय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला बी व्हायचं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय व्हायचं?"

"ह्येच. अंगात भट्टी पेटायची. कारखान्यात, समद्या बाप्यांच्या मधी. आई न्हवती, सासू न्हवती, सांगायचं कुणाला? मला वाटायचं, मलाच कायतरी रोग लागलाय. कुणाला कळलं तर कामावरनं काढतील." त्या कॉटच्या कडेवर टेकल्या. "पंखा तर तितं मागायची सोयच न्हवती. मग म्या पाणी शिंपडायचं काम मागून घेतलं. अंगात पेटलं की उठायचं, बादलीत दोन्ही हात कोपरापतोर घालायचे, आन् शिंपडत बसायचं. लई बरं वाटायचं गं. मालक म्हणायचा, बाई लई कामाची, सुताची लई काळजी करती."

इतकी वर्षं घरात ती बादली, ते पाणी. मी समजत होते, सुताची सवय.

"मग मला नाटकं का म्हणालात हो?" मी विचारलं.

"तू सांगून टाकलंस की," आत्या म्हणाल्या. "डॉक्टरला सांगितलंस, मला सांगितलंस, त्या अक्कालाबी सांगितलंस. मला कुटं जमलं? राग आला मला तुझा."

आत्या उठल्या, भिंत धरत दाराशी गेल्या, आणि बटणाला हात घातला. टक्, टक्. पंखा पाचवर भणभणायला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं.

"आत्या, नको. तुम्हाला गार लागेल."

"लागू दे. मला चादर हाय की. तुला काय कातडं काढून ठेवता येतंय व्हय?"

आणि त्या विरलेल्या चादरीत नाकापर्यंत शिरून बसल्या.